वीजबिल हा दावा आहे, निकाल नाही

भिवंडीहून वाड्याकडे निघालेल्या रस्त्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीकडचा रस्ता जिथे येऊन मिळतो, तो अंबाडी नाका. आजूबाजूला भातशेती, वीटभट्ट्या आणि आदिवासींचे पाडे. भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. अंबाडी त्याच तालुक्यात असली तरी तिचे जगणे वेगळे आहे. वीज मात्र दोघांनाही एकाच व्यवस्थेतून मिळते. बिल टोरंट पॉवर ही खासगी कंपनी छापते आणि वसूल करते, वितरणाचा परवाना महावितरणकडे आहे, आणि युनिटचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. एवढ्या संस्था मागे उभ्या असलेला कागद हातात पडला की तो अंतिम आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. ‘बिल आले म्हणजे भरावेच लागणार’ हे वाक्य त्यातूनच येते. वीजबिलाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कायद्याने बिलाकडे नेहमी विकणाऱ्याचा दावा म्हणून पाहिले आहे, आणि मीटरच्या आकड्याला जेव्हा जेव्हा जास्त वजन दिले तेव्हा तेव्हा तो आकडा तपासायला तिसरा माणूस नेमला आहे. भिवंडी तालुक्यात २००७ नंतर मापनाची बाजू झपाट्याने बळकट झाली. तपासणीची बाजू त्या वेगाने अंबाडीसारख्या गावांपर्यंत पोचली नाही. मापन आणि तपासणी बरोबरीने चालल्याशिवाय वीजबिल न्याय्य होत नाही, हे दाखवण्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात १९१० च्या भारतीय विद्युत कायद्यापासून करावी लागते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली ती १९१५ मध्ये. म्हणजे वीज घराघरांत जाण्याच्या कितीतरी आधी तिच्या मोजणीवरून भांडणे होणार हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. या कायद्याच्या कलम २६ ने मीटरच्या नोंदीला मोठा मान दिला. लबाडी झालेली नसेल तर मीटरवरचा आकडा हाच वापराचा निर्णायक पुरावा, असे त्यात म्हटले होते. पण त्याच कलमात पुढे असेही होते की मीटर बरोबर आहे की नाही यावर वाद निघाला तर निवाडा विद्युत निरीक्षक करील. हा निरीक्षक सरकारी अधिकारी. वीज विकणाऱ्याचा नोकर नव्हे. मीटर चुकीचा ठरला तर वापराचा अंदाज त्याने करायचा, आणि तोही जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरता. कलम २४ ने आणखी एक संरक्षण दिले होते. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी सात दिवसांची लेखी नोटीस हवी, आणि वाद निरीक्षकाकडे गेला असेल तर त्याचा निर्णय येईपर्यंत तोडणी करता येणार नाही. पुढे मध्य प्रदेश वीज मंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरले. मीटर चुकीचा आहे असे म्हणत मंडळ स्वतःच जादा बिल काढू शकत नाही. ते ठरवण्याचा अधिकार निरीक्षकाचा आहे. मोजणाऱ्यानेच न्याय करू नये, ही समज म्हणजे आजकालच्या ग्राहक चळवळीची देणगी नव्हे. ती भारतातल्या वीज कायद्याच्या पायातच आहे.

हे तत्त्व नंतर विरळ झाले. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांत तारा नेण्याचे प्रचंड काम त्याने केले. ते काम नसते तर अंबाडीच्या परिसरात बिलावर वाद घालण्याइतकी वीजच आली नसती, हे कृतज्ञतेने मान्य करायला हवे. पण विस्ताराच्या या काळात मोजणी मागे पडली. सत्तरच्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक दर लागू झाले. मोजायचेच नाही म्हटल्यावर किती वीज पंपांनी वापरली आणि किती गळली वा चोरीला गेली हे कोणालाच नेमके सांगता येईना, आणि गळती शेतीच्या नावावर झाकली जाऊ लागली. ही झाकपाक उघडी पडली ती ५ ऑगस्ट १९९९ रोजी नियामक आयोग स्थापन झाल्यावर. दराच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या, पुण्याची ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्थांनी मंडळाचे आकडे तपासायला घेतले, आणि वर्षानुवर्षे अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांहून वर असल्याचे पुढे आले. मंडळाचे आकडे चुकीचे होते हे मंडळाच्या आतून कोणी सांगितले नाही. बाहेरच्या माणसांना कागद पाहण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला तेव्हाच ते कळले. एका घराच्या बिलाला आणि अख्ख्या राज्याच्या हिशेबाला हा नियम सारखाच लागू पडतो.

भिवंडीची स्थिती तर राज्याच्या सरासरीहून फारच वाईट होती. २००६-०७ मध्ये तिथली तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी, म्हणजे आत येणाऱ्या विजेतला पैसा होऊन परत न येणारा वाटा, सुमारे ५८ टक्के होती. रोहित्रे सतत जळत होती. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण तयार झाली होती. तिने भिवंडीत निविदा काढून नवा मार्ग धरला, आणि २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर वितरण फ्रँचायझी म्हणून आली. हा करार आत येणाऱ्या विजेवर आधारलेला आहे. भिवंडीच्या जाळ्यात जितकी युनिटे शिरतात तितक्यांचे पैसे फ्रँचायझीने महावितरणला द्यायचे. ग्राहकांकडून किती वसूल होतात ही तिची जबाबदारी. त्यामुळे मोजले न गेलेले प्रत्येक युनिट हा तिचा थेट तोटा, आणि पकडलेले प्रत्येक युनिट हा तिचा फायदा. परिणाम दिसायला वेळ लागला नाही. मीटर बदलले, तारा आणि रोहित्रे सुधारली, छापे पडले, आणि काही वर्षांतच हानी वीस टक्क्यांच्या खाली आली. २०१७ मध्ये करार आणखी दहा वर्षांसाठी वाढवला गेला. याच काळात जादा बिलांवरून आणि चोरीच्या गुन्ह्यांवरून शहरात आणि ग्रामीण भागात मोर्चेही निघाले. हानी कमी होणे आणि मोर्चे निघणे यांना एकमेकांच्या विरोधात उभे करण्याचे कारण नाही. एका बाजूला मोजण्याचे जबरदस्त प्रोत्साहन आणि दुसऱ्या बाजूला तपासणीची तुटपुंजी सोय असली की दोन्ही गोष्टी एकदमच घडतात.

चूक नेमकी कुठे शिरते हे कळायला बिलाजवळ जावे लागते. बिलात आधी मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असते. त्यांच्या वजाबाकीला गुणकाने गुणले की युनिटे येतात. घरगुती मीटरला गुणक सहसा १ असतो, आणि तो वेगळा दिसला तर कारण विचारायलाच हवे. मग स्थिर आकार, युनिटवारीने वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सर्वांवर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. घरगुती वीज आकार टप्प्यांत वाढतो: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून चढा, आणि पुढे आणखी चढे. एका घराचा वापर महिन्याला बरोबर १०० युनिटे आहे असे धरू. एक महिना रीडिंग झालेच नाही आणि पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांची २०० युनिटे एकत्र नोंदली गेली. हिशेब दोन महिन्यांचा धरला तर पहिला टप्पा दुप्पट होतो आणि सगळी २०० युनिटे स्वस्त दरात बसतात. एकाच महिन्याचा धरला तर निम्मी युनिटे चढ्या दरात जातात. मीटर दोन्ही वेळा खरेच बोलला, वापरही तोच. तरी घराला जास्त पैसे पडले. म्हणून बिलावर युनिटांच्या आधी कालावधी पाहायचा असतो.

दुसरी चूक सरासरीची. रीडिंग घेणाऱ्याला घर बंद आढळले तर मागच्या वापराच्या सरासरीवर बिल निघते. शहरात हा अपवाद असतो. अंबाडीच्या पट्ट्यात मात्र दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर राहायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घराला कुलूप, दिवा बंद, आणि सरासरी मात्र माणसे घरात असतानाच्या महिन्यांची. परतल्यावर प्रत्यक्ष रीडिंग झाले की आधी लावलेली युनिटे वजा होऊन पैसे पुढच्या बिलात वळते व्हायला हवेत. ती वजावट झाली की नाही हे बिलावर शोधायला वाचता येणारा आणि धीर धरणारा माणूस लागतो. भट्टीवर मालकाकडून उचल घेतलेल्या मजुराला एकाच बाजूने लिहिलेली वही म्हणजे काय हे नीट ठाऊक असते: किती उचलले, किती फिटले, हे मालकाच्या वहीत, आणि ती वही त्याला दाखवली जात नाही. वीजबिलाची वही कायद्याने उघडी आहे, हा मोठा फरक आहे. पण उघडी वही कोणी वाचून दाखवली नाही तर त्या फरकाचा उपयोग होत नाही.

संपूर्ण राज्याने हे एकदा अनुभवले आहे. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि घरोघर जाऊन रीडिंग घेणे थांबले. बिले आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघाली. ते महिने हिवाळ्याचे होते, म्हणजे सरासरी कमी. प्रत्यक्षात एप्रिल-मे उन्हाळ्याचे, माणसे दिवसभर घरात, पंखे अखंड चालू. जूनमध्ये रीडिंग झाले तेव्हा तीन महिन्यांचा फरक एकाच कागदावर उतरला आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. आयोगाला टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार देण्याचे स्पष्ट करावे लागले आणि मोठ्या बिलांसाठी हप्त्यांची सोय करावी लागली. अनेकांची बिले तपासणीत बरोबरही ठरली. पण ज्या बिलाची फोड समजावून सांगितली गेली नाही ते बरोबर असूनही अन्यायाचे वाटते, आणि चुकीचे बिल त्याच गर्दीत लपून जाते. फोड समजावणे हा वीज विकण्याचाच भाग आहे, हे त्या उन्हाळ्याने शिकवले.

कायद्याने तपासणीची वाट बंद केलेली नाही. २००३ च्या विद्युत कायद्याने ती रुंद केली. कलम ४२ नुसार प्रत्येक वितरण परवानाधारकाला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठेवावा लागतो, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल असतो. राज्यात लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूरला आहेत. भिवंडीत परवाना महावितरणचाच असल्याने फ्रँचायझीचा ग्राहकही या संरक्षणाबाहेर नाही. ‘कंपनी खासगी आहे, तिथे आपले कोण ऐकणार’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. आधी कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यायची, मग मंच. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते, आणि मंचाच्या आदेशानंतर साठ दिवसांत लोकपालाकडे. वकील लावण्याची सक्ती नाही. तोडणीबाबत कलम ५६ म्हणते की पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी, आणि वादातली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मीटर सदोष निघाला तर बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती. बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर येते म्हणून गप्प बसण्याचेही कारण नाही; ज्याच्या जागेत जोडणी आहे तोही कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच ठरतो. घरच्या घरी पहिली चाचणीही करता येते. मीटरवर ३२०० असा अंक आणि लुकलुकणारा लाल दिवा असेल तर दिव्याच्या ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. बाकी सगळे बंद ठेवून १०० वॅटचा एकच बल्ब लावला तर दिवा मिनिटाला पाच-सहा वेळा लुकलुकायला हवा. तो भराभर लुकलुकत असेल, किंवा सगळे बंद असतानाही थांबत नसेल, तर शुल्क भरून मीटर तपासून घेण्याचा अर्ज द्यावा. मीटर मर्यादेबाहेर चुकीचा ठरला तर ते शुल्क परत मिळते.

या मांडणीवर पहिला आक्षेप भिवंडीतूनच येईल. ५८ टक्के हानी होती तिथे कंपनीने मवाळ राहायचे का, चोरीचा बोजा प्रामाणिक ग्राहकानेच का उचलायचा? आक्षेप रास्त आहे. चोरी हा शेजाऱ्यावर केलेला अन्याय आहे, आणि मोजणी काटेकोर झाली हे चांगलेच झाले. पण कायद्यातली एक गोष्ट इथे नीट पाहावी लागते. कलम १२६ खालचे अनधिकृत वापराचे आणि कलम १३५ खालचे चोरीचे वाद मंचाच्या कक्षेबाहेर आहेत. कलम १२६ मध्ये वापर कधीपासून सुरू झाला हे कळत नसेल तर आकारणी बारा महिन्यांची, तीही दुप्पट दराने. अपील करायला तीस दिवस आणि निम्मी रक्कम आधी भरण्याची अट. म्हणजे एखाद्या साध्या वादावर चोरीचा किंवा अनधिकृत वापराचा शिक्का बसला की ग्राहकापुढची स्वस्त आणि जवळची दारे मिटतात आणि महाग दार उरते. कंपनीची नियत वाईट आहे असे गृहीत धरण्याची इथे गरज नाही. हानी घटवण्यावर जिचा नफा अवलंबून आहे तिच्या हाती हा शिक्का असेल, तर त्या शिक्क्याची तपासणी इतर ठिकाणांपेक्षा अधिक कडक हवी, कारण चुकलेल्या शिक्क्याची किंमत इथे प्रामाणिक माणूस देतो. चोरीविरुद्धची मोहीमही अशाच तपासणीने विश्वासार्ह होते.

दुसरा आक्षेप असा की चूक दोन्हीकडे होते, आणि कायदा कंपनीला तिचे विसरलेले पैसे मागू देतो; मग ग्राहकाच्या हक्काला अर्थ काय? २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मागणी केल्याच्या तारखेपूर्वीच्या दोन वर्षांपलीकडचे आकार मागता येणार नाहीत असे म्हटले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या वितरण कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली: प्रामाणिक चुकीमुळे राहून गेलेली रक्कम नंतरही पुरवणी बिलाने मागता येते, पण मुदत उलटल्यावर त्या वसुलीसाठी वीज तोडण्याचे हत्यार वापरता येत नाही. ग्राहकाला हा निकाल कडू वाटू शकतो. पण त्यातला विचार या लेखाच्या बाजूचाच आहे. कंपनीचा दावा जिवंत राहिला, मात्र तो अंधाराच्या धाकाने वसूल करण्याची मुभा गेली. दावा सांगावा, सिद्ध करावा, मग वसूल करावा, हा क्रम न्यायालयाने राखला आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे: स्मार्ट मीटर आले की रीडिंग माणूस घेणारच नाही, मग चूक कुठून येणार? स्मार्ट प्रीपेड मीटरना राज्यभर इतका विरोध झाला की जून २०२४ मध्ये सामान्य घरगुती ग्राहकांना ते बसवले जाणार नाहीत असे सरकारला जाहीर करावे लागले. तंत्राला सरसकट विरोध करणे योग्य नाही. कुलूप लागलेल्या घराचे रीडिंग दुरून मिळाले तर सरासरीचा प्रश्नच सुटेल, आणि भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला त्याचा फायदाच होईल. पण यंत्र फक्त रीडिंगची चूक घालवते. टप्प्याची चूक, गुणकाची चूक, चुकीची दरवर्गवारी, जुन्या थकबाकीची चुकीची नोंद आणि चोरीचा चुकलेला शिक्का या सगळ्या चुका बिल करणाऱ्या कार्यालयात होतात, मीटरच्या पेटीत नव्हे. १९१० मध्ये चकती फिरणाऱ्या मीटरला निर्णायक पुरावा मानतानाही कायद्याने निरीक्षक ठेवला होता. मीटर अधिक हुशार झाला म्हणून निरीक्षकाची गरज संपत नाही. उलट आकडा सामान्य डोळ्यांना जितका कमी दिसतो तितकी ती वाढते.

म्हणून अंबाडीसाठी मागणी साधी आणि नेमकी आहे. भिवंडीच्या फ्रँचायझीची वाढीव मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपते. त्या वेळी हानी किती टक्क्यांवर आली हे जसे मोजले जाईल, तसेच किती बिलांवर लेखी हरकत आली, किती दुरुस्त झाली, किती सरासरी बिले पुढे वळती झाली, आणि कलम १२६ च्या किती आकारण्या अपिलात टिकल्या, हेही गावनिहाय जाहीर झाले पाहिजे. मंचाच्या सुनावण्या महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या ग्रामीण भागात, अंबाडी नाक्यासारख्या सगळ्यांना पोचता येईल अशा ठिकाणी झाल्या पाहिजेत. आणि ग्रामपंचायतीत बिलाची फोड समजावणारा, हरकतीचा अर्ज लिहून देणारा माणूस असला पाहिजे. यात नवा कायदा लागत नाही. असलेला कायदा शेवटच्या पाड्यापर्यंत न्यावा लागतो. हे होईपर्यंत प्रत्येक घराने एक गोष्ट आपल्या हाती ठेवावी: दर महिन्याला मीटरचे रीडिंग स्वतः लिहून ठेवावे, बिलावरच्या कालावधीशी ताडून पाहावे, आणि मेळ बसला नाही तर लेखी विचारावे. विजेचे पैसे प्रामाणिकपणे भरणे हे जितके कर्तव्य आहे, तितकाच त्या पैशांचा हिशेब मागणे हा हक्क आहे, आणि गेली शंभरहून अधिक वर्षे कायद्याने दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या आहेत.